परसातल्या कोंबड्यांत अचानक मर लागली तर

विचारलेलं थोडक्यात असं: घरी १४ गावठी कोंबड्या. शनिवारी रात्री सगळ्या ठणठणीत खुराड्यात गेल्या. रविवारी सकाळी दोन मेलेल्या, संध्याकाळी आणखी एक, सोमवारी दोन. उरलेल्या नवांपैकी तिघी पंख पाडून, डोळे मिटून बसल्यात, त्यातल्या एकीची मान वळलीय. शीट हिरवट-पांढरी आणि पातळ. आठवडाभरापूर्वी बाजारातून दोन तलंगा (अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या) आणल्या होत्या. मेडिकलमधून लाल-पिवळ्या कॅप्सूल आणून पाण्यात फोडून दिल्या, फरक नाही. हे काय आहे, आणि उरलेल्या मरायच्या आत कापून खाव्यात की विकाव्यात?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी. कापू नका, विकू नका, पाहुण्यांना किंवा शेजारी देऊ नका. गावात मर पसरते ती बहुतेक वेळा अशाच "मरायच्या आत" कापलेल्या किंवा आठवडी बाजारात स्वस्तात काढलेल्या कोंबडीमुळे. कापताना उडालेलं रक्त, पिसं, उकिरड्यावर टाकलेली आतडी, ती ओढून नेणारा कुत्रा, ज्या डालग्यातून कोंबडी नेली ते डालगं, यातल्या प्रत्येक गोष्टीवरून रोग पुढच्या घरी जातो. तुमच्या दोन तलंगाही बहुधा कुणीतरी याच घाईत विकलेल्या असणार. इथे ज्या मानमोडी (राणीखेत) रोगाचा संशय आहे, त्यात लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण पाच-सहा दिवस जातात (दोनपासून पंधरापर्यंतही लागू शकतात), आणि तुमचा हिशेब त्यात नेमका बसतो.

वर्णनावरून ही मानमोडी, म्हणजेच राणीखेत, असण्याची शक्यता सर्वांत जास्त वाटते. पण बर्ड फ्लूची सुरुवातही अशीच होऊ शकते, आणि नुसतं बघून दोन्ही खात्रीने वेगळे करता येत नाहीत. देशात पाळीव कोंबड्यांतला बर्ड फ्लू पहिल्यांदा सापडला तो नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात, फेब्रुवारी २००६ मध्ये. जानेवारी २०२१ मध्ये परभणीजवळच्या मुरुंब्यात तो पुन्हा आला. तेव्हा ही दूरदेशीची गोष्ट समजू नका. आजच्या आज जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा १९६२ या पशुवैद्यकीय मदत क्रमांकावर फोन करा. सांगताना "कोंबड्या मरतायत" एवढंच सांगू नका. कोणत्या दिवशी किती मेल्या, वयं काय, लस कधी दिली होती, नवीन पक्षी कधी आणले, आसपास कावळे, बगळे किंवा बदकं मेलेली दिसली का, हे सांगा. शेवटचा मुद्दा ऐकून डॉक्टर निम्मा निर्णय तिथेच घेतात.

इथे एक भीती बहुतेकांच्या मनात असते: कळवलं तर सगळ्याच कोंबड्या मारतील. बर्ड फ्लू ठरला तर बाधित जागेभोवतीच्या १ किलोमीटर परिसरातले पक्षी नष्ट केले जातात, हे खरं आहे. पण भरपाई मिळते ती जिवंत असताना सरकारने नष्ट केलेल्या पक्ष्यांची, अंड्यांची आणि खाद्याची. आपोआप मेलेल्यांची मिळत नाही. लपवून चार दिवस काढले तर कोंबड्याही जातात आणि भरपाईही. शिवाय २००९ च्या प्राण्यांतील संसर्गजन्य रोग प्रतिबंधक कायद्यानुसार कळवणं ही मालकाचीच जबाबदारी आहे. मानमोडी ठरली तर पुढचं सगळं तुमच्या हातात राहतं.

डॉक्टर येईपर्यंतची कामं अशी. ज्या सहा बऱ्या दिसतात त्या आहेत तिथे ठेवू नका. त्यांना स्वच्छ जागी, वेगळ्या भांड्यांसह हलवा. आजारी तिघींना जुन्या खुराड्यातच राहू द्या. लोक नेमकं उलटं करतात: आजारी पक्षी उचलून घराच्या पडवीत आणतात आणि बऱ्या दिसणाऱ्यांना घाणीत ठेवतात. रोज दाणा-पाणी करताना आधी बऱ्यांचं, मग आजाऱ्यांचं, आणि आजाऱ्यांकडून परत बऱ्यांकडे यायचं झालं तर चप्पल बदलून, हातपाय साबणाने धुऊनच. तोंडाला रुमाल किंवा मास्क, हातात मोजे. मोजे नसतील तर प्लॅस्टिकच्या पिशव्या हातावर बांधल्या तरी चालतं. मुलांना त्या बाजूला फिरकू देऊ नका. मोकळ्या सोडायच्या नाहीत, शेजाऱ्यांनाही त्यांच्या कोंबड्या आठ-दहा दिवस डालून ठेवायला सांगा. सांगायला लाज वाटते, पण शेजाऱ्याला नंतर कळलं तर जास्त वाईट.

मेलेली कोंबडी म्हणजे तुमच्याकडचा सर्वांत चांगला पुरावा, आणि तो घाईघाईने उकिरड्यावर जातो. सर्वांत ताजी मेलेली एक-दोन दोन पिशव्यांत घट्ट बांधून बर्फाच्या डब्यात ठेवा. बर्फात ठेवायची म्हणजे थंड ठेवायची, गोठवायची नाही. डीप फ्रीझरमध्ये टाकलेल्या पक्ष्याच्या पेशी फुटतात आणि तपासणीत आतल्या खुणा नीट दिसत नाहीत. घरच्या फ्रिजमध्ये, भाजी-दुधाशेजारी तर मुळीच नको. उन्हाळ्यात सहा-आठ तासांत आतडी सडायला लागतात, त्यामुळे काल सकाळची कोंबडी आज दुपारी दाखवून फार काही कळत नाही. एका दिवसात दोन-चार गेल्या असतील तर घरी फाडून बघण्याचा मोह आवरा. शवविच्छेदन डॉक्टरांनाच करू द्या. गरज पडली तर नमुने पुण्याच्या औंधमधल्या रोग अन्वेषण विभागाकडे आणि बर्ड फ्लूचा संशय असेल तर तिथून भोपाळच्या प्रयोगशाळेत जातात. स्वतः पिशवी घेऊन एसटीने निघू नका.

आता मूळ प्रश्न: हे काय आहे हे कळतं कसं? सर्वांत मोठी खूण मृत्यूच्या आकड्यांत असते, म्हणून ते लिहून ठेवा. एका रात्रीत आठ गेल्या, आदल्या दिवशी एकही आजारी नव्हती आणि दुसऱ्या दिवशी एकही नवीन आजारी पडली नाही, तर संसर्गाचा विचार नंतर करा. आधी विष, उष्माघात, गुदमरणं किंवा जनावर शोधा. आज एक, उद्या दोन, परवा चार आणि मधे आजारी पडलेल्या दिसतायत, तर तो रोग आहे. तुमचा आकडा दुसऱ्या प्रकारचा आहे.

मानमोडीत मान पिळवटल्यासारखी वळते, डोकं पाठीकडे किंवा पायांमधे जातं, पंख किंवा पाय लुळा पडतो, तोंड उघडून श्वास घेते, हिरवट-पांढरी हगवण होते. डॉक्टर फाडतात तेव्हा पेट्याच्या (दाणे दळणाऱ्या मांसल पोटाच्या) आधीच्या जठरात टाचणीच्या टोकाएवढे लाल रक्ताचे ठिपके बघतात. मान वळणं हे उशिराचं लक्षण आहे. पहिल्या एक-दोन कोंबड्या मान न वळताच मरतात, म्हणून लोक म्हणतात मानमोडी नव्हती. बर्ड फ्लूत डोकं-चेहरा सुजणं, तुरा निळा-जांभळा पडणं आणि पायाच्या नळीवर कातडीखाली रक्ताचे डाग दिसणं ही लक्षणं जास्त आढळतात. पण ती नसली म्हणून तो नाही, असं ठरवू नका.

याच्याशी गोंधळ होतो तो मान लोंबण्याचा. मान पिळलेली आणि ताठ असेल तर मानमोडी. मान दोरीसारखी सैल जमिनीवर पडली असेल, पक्षी उठू शकत नसेल, पण डोळ्यांत जीव असेल आणि पिसं हलक्या ओढीने हातात येत असतील, तर ते बहुधा सडक्या मांसातलं विष. कुठेतरी मेलेलं जनावर, त्यात अळ्या, आणि त्या अळ्या कोंबड्यांनी टिपलेल्या असतात. परसाचा कोपरान् कोपरा शोधा, मेलेली घूस किंवा आधीच मेलेली एखादी कोंबडीच सापडते.

पेरणीच्या दिवसांत आणखी एक गोष्ट तपासायची: अन्नपिशवी. मानेच्या पायथ्याशी, छातीच्या वर, उजव्या बाजूला ती हाताला लागते. बीजप्रक्रिया केलेलं गुलाबी-लाल बियाणं बांधावर सांडलेलं असतं आणि कोंबडी ते आवडीने खाते. थायमेटसारखे दाणेदार कीटकनाशक पडलेलं असेल तर तोंडातून लाळ, अंग थरथरणं, पातळ शीट आणि तासाभरात मृत्यू. वेळेत पोचलं तर डॉक्टर ॲट्रोपिनचं इंजेक्शन देतात. घरगुती उतारा नाही. उंदरांच्या औषधाने मेलेला उंदीर खाल्ला तरी विषबाधा होते. लोणच्याचा खार, खारवलेले मासे, पापडाचं उरलेलं पीठ असलं खरकटं भरपूर टाकलं आणि पाणी कमी पडलं, तर मिठानेही कोंबड्या मरतात. बुरशी लागलेला मका किंवा शेंगदाण्याची पेंड हळू मारते, पण पिल्लांत तेही अचानक झाल्यासारखं दिसतं.

वय विचारलं जातं ते उगाच नाही. तीन ते सहा आठवड्यांची पिल्लं, शीटेत रक्त, पावसाळी ओल: ही रक्ती हगवण. ती जिवाणूने किंवा विषाणूने होत नाही, आतड्यातल्या सूक्ष्म परोपजीवीने होते आणि तिला औषध लागू पडतं. ॲम्प्रोलियमची २० टक्क्यांची पूड असेल तर लिटरमागे १.२ ग्रॅम, पाच दिवस, मग ०.६ ग्रॅम आणखी आठवडाभर. त्या काळात दुसरं पाणी ठेवायचं नाही. पॅकेटवरचं प्रमाण वेगळ्या टक्केवारीचं असेल तर त्याप्रमाणे. हे औषध ब जीवनसत्त्वातल्या थायमिनला अडवूनच काम करतं, म्हणून सोबत बी-कॉम्प्लेक्स देऊन दोन्ही वाया घालवू नका. ते कोर्स संपल्यावर द्या. पिल्लांची तूस ओली राहिली तर मात्र महिन्याभरात पुन्हा तेच.

मोठ्या, अंड्यावरच्या कोंबड्या पोट भरलेल्या अवस्थेत पटकन मरत असतील आणि तुरा जांभळा असेल, तर कोंबड्यांचा कॉलरा. यात प्रतिजैविकांचा खरोखर उपयोग होतो, पण कोणतं आणि किती ते तपासणीनंतर. म्हणूनच त्या लाल-पिवळ्या कॅप्सूलचा राग येतो. मानमोडी विषाणूची, त्यावर ती चालत नाही. कॉलऱ्यात चालली असती तर मात्रा कुणी मोजलेली नसते, आणि जी सर्वांत आजारी तिने पाणीच प्यायलेलं नसतं. आणि औषध दिल्यावर अंडी खाण्याचे जे दिवस टाळायचे, ते कुणी टाळत नाही. नजर लागली म्हणून मीठ-मिरच्या ओवाळल्या तर निदान अपाय नाही.

दुपारी दोन ते पाचच्या मधे, पत्र्याखाली, एप्रिल-मे महिन्यात तोंड वासून मेलेल्या कोंबडीला रोग शोधू नका. तिच्या अंगाचं तापमान मुळात ४१-४२ अंश असतं आणि घाम येत नाही. विदर्भात पारा ४५ ला गेला की ती फक्त धापा टाकून उष्णता काढू शकते. पत्र्यावर गवत किंवा तुऱ्हाट्या टाकून पाणी शिंपडा, दाणा सकाळी लवकर आणि संध्याकाळी द्या, दुपारी नको, कारण पचनानेही उष्णता वाढते. धापा टाकणारीला सावलीत नेऊन पाय आणि तुरा साध्या पाण्याने ओले करा, बर्फाच्या पाण्यात बुडवू नका. मोठ्या कोंबडीला एरवी रोज पाव लिटर पाणी लागतं, त्या दिवसांत दुप्पट धरा.

मुंगूस, रानमांजर हे आणखी वेगळं. मुंगूस एका फेरीत पाच-सहा मारून टाकतो आणि खातो जेमतेम एखादी. जखमा डोक्यामागे, मानेवर असतात. साप चावला तर जखम दिसतही नाही. अशा वेळी खुराड्याची फट मोजा. दोन बोटांएवढी असेल तर मुंगसाला पुरते.

तुमच्या तिघींकडे परत येऊ. मानमोडीवर औषध नाही. काही पक्षी निव्वळ शुश्रूषेने जगतात, बहुतेक मरतात. गूळपाणी किंवा इलेक्ट्रोलाइट पूड देताना चोच उघडून घशात ओतू नका. जिभेच्या मुळामागेच श्वासनलिकेचं तोंड असतं, पाणी सरळ फुप्फुसात जातं आणि रोगाने न मेलेली कोंबडी आपल्या हाताने मरते. ड्रॉपरने चोचीच्या कडेला एकेक थेंब टाका, ती स्वतः गिळते. भाताची पातळ पेज बोटावर चालते. जी जगेल तिची मान आठवडेच्या आठवडे वाकडी राहू शकते. ती दाणा टिपायला जाते आणि चोच बाजूला पडते. खोलगट भांड्यात भरपूर दाणा ठेवला तर जमतं. पण ती विषाणू टाकत राहते, म्हणून महिनाभर तरी कळपात सोडायची नाही.

जी नुसती तडफडतेय, पाणीही गिळत नाही, तिला लोळत ठेवण्यात माया नाही. डॉक्टरांकडून किंवा हात बसलेल्या माणसाकडून मान झटक्यात मोडून तिची सुटका करा. सुरी नको, रक्त सांडायचं नाही.

पुरण्यासाठी खड्डा विहिरीपासून, बोअरपासून आणि ओढ्यापासून दूर, निदान चार फूट खोल. खाली चुना, मग पक्षी, त्यांच्यासोबतची पिसं, तूस आणि उरलेला दाणाही, वर पुन्हा चुना, मग माती. पक्ष्यांवर किमान दोन-अडीच फूट माती बसली पाहिजे. वर बाभळीची फांदी आणि दगड, नाहीतर रात्री कुत्री उकरतात. वाहत्या पाण्यात टाकणं हा गुन्हा कमी आणि मूर्खपणा जास्त आहे, खालच्या वस्तीला तेच पाणी.

खुराडं साफ करताना क्रम चुकतो. शीट खरवडल्याशिवाय कितीही औषध फवारलं तरी ते वरच्या थरावरच मरतं. आधी ओलं करा, म्हणजे धूळ उडून नाकात जाणार नाही, मग खरवडा. जमीन मातीची असेल तर वरची दोन इंच माती काढून त्याच खड्ड्यात टाका. मग गरम पाण्यात धुण्याचा सोडा, लिटरला ४० ग्रॅम, घासून धुवा. वाळल्यावर ब्लीचिंग पावडर लिटरला ३० ग्रॅम, ताजी कालवलेली. उघड्या पुडक्यातल्या जुन्या पावडरीत दम नसतो. शेवटी भिंतींना चुना. बांबूचं डालगं, गोणपाट, खाद्याची पोती धुऊन वाचवायची धडपड करू नका, जाळा. लाकडी फटी टॉर्चने रात्री बघा. गोचिड्या दिवसा फटीत लपतात आणि रात्री रक्त पितात. त्या राहिल्या तर नव्या कोंबड्यांना दुसरा आजार तयार.

उरलेल्या सहा बऱ्या दिसणाऱ्यांना आत्ता लस टोचावी का? डॉक्टरांनी मानमोडी म्हणून सांगितलं, तर लासोटा या मानमोडीच्या लसीचा थेंब द्यायला हरकत नाही. पण आतून आधीच लागण झालेली असेल तर ती वाचणार नाही, आणि मग "लसीनेच मेली" असं गावभर होतं. लसीचा पहारा उभा राहायला एक ते दोन आठवडे लागतात. टोचायचीच असेल तर प्रत्येकीला वेगळी सुई.

पुढच्या वेळेसाठी वेळापत्रक: सातव्या दिवशी लासोटा किंवा एफ (दोन्ही मानमोडीच्याच लसी), डोळ्यात किंवा नाकपुडीत एक थेंब. चौदाव्या दिवशी गंबोरो रोगाची लस. अठ्ठाविसाव्या दिवशी लासोटा पुन्हा. सहाव्या-सातव्या आठवड्यात देवीची लस, पंखाच्या पातळ पडद्यात. आठव्या आठवड्यात आर-टू-बी (मानमोडीचीच टोचायची लस), ०.५ मिलि, पंखाजवळ कातडीखाली. त्याच्या आठवडाभर आधी जंताचं औषध, कारण जंताने पोखरलेल्या आणि लहान पिल्लांना ही लस सोसत नाही. आठ आठवड्यांआधी ती देऊच नका. मोठ्यांना उन्हाळ्याच्या तोंडावर पुन्हा लासोटा.

थेंब द्यायचा कसा? पिल्लू मुठीत धरायचं, डोकं आडवं करून डोळा वर. थेंब पडला की सोडून द्यायचं नाही. ते डोळा मिटून उघडेपर्यंत आणि थेंब आत ओढला जाईपर्यंत थांबायचं. घाईत सोडलं तर ते डोकं झटकतं आणि लस जमिनीवर. देणाऱ्याने आपला डोळा चोळायचा नाही, या लसीने माणसाचे डोळे येतात.

लस दिलेल्या कोंबड्या मेल्या अशी तक्रार येते तेव्हा बहुतेक वेळा बाटली उन्हातून आणलेली असते. २ ते ८ अंशात, बर्फाच्या थर्मासमधून आणा, कालवल्यावर दीड-दोन तासांत संपवा. पाण्यातून द्यायची तर नळाचं क्लोरीनचं पाणी नको. विहिरीचं घ्या, लिटरला ५ ग्रॅम साय काढलेल्या दुधाची पावडर घाला, आणि आधी तास-दोन तास पाणी काढून घ्या म्हणजे सगळ्या एकदम पितात. बाटली १०० डोसांची आणि तुमच्या कोंबड्या १४, म्हणून सहा-सात घरांनी एक दिवस ठरवून एकत्र आणणं हाच व्यवहार.

हे "अचानक" किती अचानक असतं याबद्दल थोडं. कोंबडी दुखणं लपवते. अशक्त दिसली की कळपातल्याच टोचतात. सकाळी दार उघडल्यावर सर्वांत शेवटी कोण बाहेर येते, संध्याकाळी कुणाची अन्नपिशवी रिकामी आहे, बसायच्या दांडीखाली कुणाच्या जागी हिरवट पातळ शीट आहे, एवढं रोज पाहिलं तर एक-दोन दिवस आधी कळतं. त्यापेक्षा जास्त नाही. तेव्हा तुम्ही चुकलात कुठे हे शोधायचं असेल तर शनिवारच्या रात्रीत शोधू नका, तलंगा आणल्या त्या दिवसात शोधा.

घरात मुलांनी नाव ठेवलेली कोंबडी असेल तर "मामाकडे पाठवली" म्हणू नका. दुसऱ्या दिवशी तिला शोधायला मुलं त्याच खड्ड्यापाशी जातात.

नव्या कोंबड्या निदान महिनाभर आणायच्या नाहीत. उन्हाचे दिवस असतील तर खुराडं उघडं, रिकामं तापू द्या. मग एकदम दहा नकोत. लस झालेल्या चार आणा, आणि वाचलेल्या जुन्यांपासून २१ दिवस वेगळ्या ठेवा, वेगळ्या भांड्यांसह. त्या काळात जुन्यांतली एक मधेच त्यांच्यासोबत सोडून बघायची घाई होते. ती एकविसाव्या दिवसानंतर.